‘ज्युलियस सीझर’: पिटातल्या माणसांचं नाटक

२१ सप्टेंबर १५९९, दुपारचे दोन. बाझेलचा थॉमस प्लॅटर हा स्विस तरुण जेवण उरकून थेम्स नदी ओलांडतो आणि गवताने शाकारलेल्या एका नाटकघरात शिरतो. तिथे त्याने ज्युलियस सीझरची शोकांतिका पाहिली. पंधराएक पात्रं होती, कामं छान झाली आणि शेवटी नटांनी नाच केला, दोघांनी पुरुषवेषात आणि दोघांनी स्त्रीवेषात, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

ते नाटकघर बहुधा ग्लोब. शेक्सपियरच्या मंडळीने जुन्या नाटकघराची लाकडं उतरवून, नदीपलीकडे नेऊन ते त्याच वर्षी उभं केलं होतं. एक पेनी दिली की रंगमंचाला खेटून, उघड्या आभाळाखाली, उभ्याने नाटक बघता यायचं. आपल्याकडे ज्याला पिटातला प्रेक्षक म्हणत, तो हाच.

लंडन तेव्हा अस्वस्थ होतं. राणी एलिझाबेथ ६६ वर्षांची, मूलबाळ नाही, वारस जाहीर केलेला नाही आणि गादीवर पुढे कोण याची उघड चर्चा करणं गुन्हा. जूनमध्ये धर्माधिकाऱ्यांनी उपहासाची पुस्तकं जाळायला लावली होती. इंग्लंडच्या इतिहासाबद्दल काही छापायचं तर वरून परवानगी लागणार होती. अशा वर्षात सत्ताधाऱ्याच्या खुनाची गोष्ट सांगायची, तर सोळाशेहून अधिक वर्षांपूर्वीचं रोम सोयीचं होतं.

नाटकाची सुरुवात सीझरपासून होत नाही. ती होते सुतार आणि चांभार यांच्यापासून. काम टाकून ते सीझरची मिरवणूक बघायला निघालेत. त्यांना अडवून एक अधिकारी खडसावतो: काल सीझरच्या प्रतिस्पर्ध्याला, पाँपीला, बघायला पोरंबाळं कडेवर घेऊन धुराड्यांवर चढून बसत होतात, आज त्याच्याच मुलांना हरवून येणाऱ्यावर फुलं उधळता? हे ऐकत खाली उभे असलेलेही सुतार आणि चांभारच. पहिल्या पाच मिनिटांत नाटकाने आपल्या प्रेक्षकालाच पात्र करून टाकलं.

मग कटवाले सीझरचा खून करतात आणि भाषणं होतात. त्यांच्यातला ब्रूटस गद्यात बोलतो, मुद्देसूद आणि प्रामाणिकपणे. लोकांना ते पटतं. इतकं पटतं, की कोणीतरी ओरडतो, ‘यालाच सीझर करा!’ ज्या माणसाने हुकूमशाही नको म्हणून मित्राला मारलं, त्याच्याच डोक्यावर मुकुट ठेवायला गर्दी निघाली आहे. माझ्या मते नाटकातली सगळ्यात भयंकर ओळ हीच.

त्यानंतर सीझरचा मित्र अँटनी. ब्रूटस सज्जन आहे, सज्जन आहे, असं तो म्हणत राहतो आणि दरवेळी त्या शब्दातला जीव थोडा थोडा काढून घेतो. मग सीझरचा फाटका झगा उचलून एकेक भोक दाखवतो. इथून कॅशियसचा खंजीर गेला, हा वार कास्काचा, इथे लाडक्या ब्रूटसने भोसकलं. आता जरा आठवून पाहा, खुनाच्या वेळी अँटनी तिथे होता का? नव्हता. कटातल्याच ट्रेबोनियसने त्याला आधीच बाजूला नेलं होतं. कुठलं भोक कोणाचं, हे त्याला कळायला मार्गच नाही. पण गर्दीतला एकही जण विचारत नाही. खरं सांगायचं तर नाटकघरात बसून आपणही विचारत नाही.

आणि लगेच येतो तो छोटासा प्रवेश, ज्यासाठी हा व्हिडिओ केला आहे. सिना नावाचा एक कवी रस्त्याने चालला आहे, सीझरच्याच अंत्यविधीला. चार जण त्याला घेरतात. नाव काय? कुठे चाललास? राहतोस कुठे? लग्न झालंय की सडा? एकदम सगळे विचारतात आणि उत्तर सरळ, थोडक्यात हवं म्हणून दटावतात. तो नाव सांगतो. कटात सिना नावाचा एक माणूस होता, एवढं त्यांना पुरतं. ‘मी कवी सिना!’ मग वाईट कवितांसाठी फाडा. ‘कटातला सिना मी नव्हे!’ असेना, नाव तर तेच आहे. म्हणजे माणूस चुकला हे त्यांना कळलेलं आहे. कळूनही ते थांबत नाहीत.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं. मोबाइलवरून मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती आणि ही माणसं परगावची होती. राईनपाडा आठवत हा प्रवेश वाचला, की त्यातले प्रश्न वेगळे ऐकू येतात. कुठला तू? इथे कशाला आलास?

गंमत म्हणून नव्हे, तर खंत म्हणून सांगायला हवं, की अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी रंगभूमीवर हा प्रवेश बहुतेक वेळा गाळला जाई. ब्रूटस आणि अँटनी हे मोठ्या नटांचे मोठे रोल. मध्येच एका फुटकळ कवीचा खून कोणाला हवा? १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये ऑर्सन वेल्सने हे नाटक आधुनिक पोशाखात, फॅसिस्टांच्या गणवेषांत बसवलं, तेव्हा सिनाचा प्रवेश प्रयोगाच्या मध्यभागी आला. मुसोलिनी आणि हिटलर तेव्हा सत्तेवर होते. प्रेक्षकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

२०१८ मध्ये लंडनच्या ब्रिज थिएटरमध्ये निकोलस हायटनर यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. शेकडो प्रेक्षक खाली उभे, रंगमंच त्यांच्यातूनच वर येणारा, कर्मचारी त्यांना इकडून तिकडे सरकवणारे. सीझरच्या प्रचाराच्या टोप्याही तिथे विकायला होत्या. तिकीट काढून आलेला माणूस काही वेळातच रोमची गर्दी झालेला असे.

मराठीत हे नाटक जो कोणी करायला घेईल, त्याला एकच विनंती. लांबी कमी करायची असेल तर शेवटच्या अंकातल्या लढाया छाटा, तंबूतली भांडणं आटोपती घ्या. सिनाचा प्रवेश तेवढा ठेवा आणि त्या चौघांना प्रेक्षकांतून उठून येऊ द्या.