उन्हाळ्यात फिशटँक तापतोय? आधी हवा, मग गारवा

नमस्कार मंडळी.

थर्मामीटरवर ३२ चा आकडा दिसला की बहुतेकांचा हात थेट फ्रीजरकडे जातो. बर्फ काढायचा, टँकमध्ये टाकायचा, आकडा उतरला की सुटकेचा श्वास घ्यायचा. आजचा व्हिडिओ मुख्यतः तो हात थांबवण्यासाठी आहे. टँक गार करायचाच आहे, पण त्याच्या आधी एक काम करायचं असतं. ते राहिलं तर आकडा खाली येईपर्यंत मासे तग धरतीलच असं नाही.

तापलेल्या टँकमध्ये मासे मरतात ते बहुतेक वेळा उष्णतेने भाजून नाही, तर गुदमरून. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये जास्तीत जास्त साधारण ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. २५ ला ८.३, ३० ला साडेसात आणि ३५ ला जेमतेम ७. आकडे ऐकून वाटेल, फरक तर थोडासाच आहे. पण माशाला आपल्यासारखं अंगाचं तापमान सांभाळता येत नाही. पाणी तापलं की तोही तेवढाच तापतो, आणि पाणी दहा अंशांनी चढलं की त्याची ऑक्सिजनची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. एकीकडे पुरवठा आटतोय, दुसरीकडे मागणी चढतेय. त्यात फिल्टरमधले जिवाणू आणि तळाशी कुजणारा गाळ हेही त्याच ऑक्सिजनवर जगतात. शिवाय मी सांगितलेले आकडे पाण्यात मावेल तितका ऑक्सिजन असतानाचे आहेत. गर्दीच्या, संथ पाण्याच्या टँकमध्ये प्रत्यक्षात तो याहून कमी असतो.

आता कॅमेरा जरा जवळ नेते. हा एंजल मासा बघा. डोळ्याच्या मागे, हे कल्ल्याचं झाकण. उघडतंय, मिटतंय, एका लयीत, घाई नाही. तोंडही अगदी किंचित हलतंय. तुमच्या प्रत्येक माशाचं हे नेहमीचं रूप तो निवांत असतानाच बघून ठेवा, म्हणजे बिघडलेलं लगेच कळेल. पाण्यात ऑक्सिजन कमी पडायला लागला की हीच झाकणं भराभर आणि जास्त फाकून चालतात. मग मासे फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे गोळा होतात आणि शेवटी पृष्ठभागाला तोंड लावून उभे राहतात. फायटर आणि गुरामी यांच्याकडे हवेतला ऑक्सिजन घेण्यासाठी वेगळा अवयव असतो, ते एरवीही वर येऊन घोट घेतात, त्यामुळे त्यांच्यावरून अंदाज बांधू नका. कोरी, म्हणजे तळाशी फिरणारे कोरीडोरस मासे, तेसुद्धा अधूनमधून सुर्रकन वर जाऊन येतात. पण टेट्रा, बार्ब, गप्पी सगळे मिळून वर तोंड करून उभे असतील, तर दुसरं काही करण्याआधी हवा वाढवा.

हवा वाढवायची म्हणजे पृष्ठभाग हलवायचा. एअर स्टोनचे, म्हणजे एअर पंपाच्या नळीला लावलेल्या सच्छिद्र दगडाचे, बुडबुडे दिसायला छान असतात, पण त्यांचं मोठं काम वर पोहोचल्यावर होतं. ते खालचं पाणी वर ओढतात आणि पाण्याचा वरचा थर फोडतात. पाणी आणि हवा यांची देवाणघेवाण मुख्यतः तिथे चालते. म्हणून फिल्टरच्या नळीचं तोंड वर वळवा, वरून पाणी सोडणारा फिल्टर असेल तर पातळी दोन-तीन सेंटिमीटर उतरवा, म्हणजे पाणी पडताना खळबळ होईल. एअर पंप असेल तर तोही लावा, आणि रात्री बंद करू नका. आवाजाने झोप मोडते म्हणून रात्री पंप बंद ठेवणारे बरेच जण आहेत. पण अंधारात वनस्पतीही ऑक्सिजन घेतात, सोडत नाहीत, आणि पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर दिवा मालवताना तोही बंद झालाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट दाखवते. दिव्याखाली, तिरक्या नजरेने पाण्याकडे बघा. तेलकट, किंचित चमकणारी साय दिसते का? खाद्यातली चरबी आणि जिवाणू यांची ती असते, आणि ती असेल तर हवेची देवाणघेवाण मंदावते. साधा पांढरा कोरा कागद पाण्यावर आडवा ठेवायचा, अलगद उचलायचा. साय कागदाला चिकटून येते. दोन-तीन कागदांत पृष्ठभाग स्वच्छ.

एवढं झालं की मग गारव्याकडे वळायचं. माझ्या मते इथे सगळ्यांत भरवशाचं साधन म्हणजे एक छोटा पंखा. झाकण उघडायचं, पंखा काठाला क्लिपने लावायचा आणि वारा पाण्यावर तिरका सोडायचा, म्हणजे पृष्ठभागावर बारीक लहरी उठतील. पंखा इथे हवा गार करत नाही, तो पाण्याचं बाष्पीभवन वाढवतो. घाम वाळताना अंग गार पडतं ना, तेच. हिशेब बघा: एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. ती सगळी टँकमधूनच गेली असती तर १०० लिटरचं पाणी जवळजवळ ६ अंशांनी उतरलं असतं. प्रत्यक्षात खोलीतून उष्णता परत येत राहते, त्यामुळे सहसा २ ते ४ अंशांचा फरक मिळतो. ३२ चे २९ झाले तर बहुतेक माशांसाठी तो फार मोठा दिलासा असतो.

आता बर्फ. एक किलो बर्फ वितळून २८ अंशांपर्यंत यायला साधारण ४५० किलोज्यूल घेतो. म्हणजे तेवढ्याच १०० लिटरमध्ये एका अंशापेक्षा किंचित जास्त उतार, तोही तासा-दोन तासांपुरता. बर्फ संपला की पाणी पुन्हा वर. त्यातून लहान टँकमध्ये बर्फ टाकला तर तापमान झपकन पडतं आणि काही वेळाने परत चढतं. दिवसातून चार वेळा असं झोके खाणारं पाणी हे स्थिर ३० अंशांपेक्षा माशांना जास्त त्रासाचं आहे. तापमान उतरवायचं तर तासाला एक अंशाहून जास्त नाही, हा नियम कडकपणे पाळा. अगदीच अडचण असेल तर बर्फ थेट नको, बंद बाटली तरंगवा. नळाचं पाणी गोठवून थेट टाकलं तर त्यातलं क्लोरीनही टँकमध्ये जातं. बाटली गोठवताना काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं.

पंख्याला मर्यादा आहे, आणि ती हवेतल्या दमटपणाची आहे. हवा कोरडी असेल, समजा ३८ अंश आणि आर्द्रता ३० टक्के, तर बाष्पीभवनाने पाणी तत्त्वतः २४ अंशांच्या आसपास उतरू शकतं. पण हवा ३३ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर कितीही मोठा पंखा लावला तरी पाणी ३० च्या खाली जाणार नाही. थर्मामीटर दुसऱ्या हवेत ५ अंश कमी दाखवतोय, तरी पाणी मात्र जास्त गरम राहणार! म्हणून एकाच पंख्याबद्दल दोन माणसं अगदी उलट सांगतात आणि दोघंही खरं बोलत असतात. दमट हवेत राहत असाल तर पंखा लावाच, तो पृष्ठभाग तरी हलवतो, पण त्याच्यावर विसंबू नका. तिथे खोलीचा एसी खरा उपयोगी, कारण तो हवा कोरडीही करतो. किंवा मग चिलर.

चिलर म्हणजे टँकच्या पाण्यासाठीचा छोटा फ्रीज समजा. काम चोख करतो, पण पाण्यातून काढलेली उष्णता खोलीत सोडतो. टँकखालच्या बंद कपाटात ठेवला तर स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढतो आणि दमतो. प्रवाळ, समुद्री मासे किंवा क्रिस्टल रेडसारख्या नाजूक कोळंब्या पाळणाऱ्यांना तो लागतो. साध्या गप्पी-मॉलीच्या टँकसाठी मला तो खर्च पटत नाही.

कोरड्या हवेत उलटी अडचण येते. दुपारी सुरू केलेला पंखा रात्रभर चालतो आणि पहाटे पाणी २४ वर. पंख्याला तापमान बघून चालू-बंद करणारा कंट्रोलर लावला तर हा प्रश्न सुटतो. नाहीतर हीटर २५ ला लावून तसाच जोडलेला ठेवा, म्हणजे पाणी त्याखाली जाणार नाही. मात्र हीटर जुना असेल आणि त्याच्या थर्मोस्टॅटवर भरवसा नसेल, तर तो या दिवसांत काढून ठेवलेला बरा. ऐन उन्हाळ्यात चालू अवस्थेत अडकलेला हीटर म्हणजे पाणी उकळायला ठेवल्यासारखंच आहे.

झाकण काढलं की मासे उड्या मारतात. किलीफिश, हॅचेटफिश, डॅनिओ यांचा तर मुळीच नेम नाही. काठावर बारीक जाळी ताणून बसवा, वारा जातो आणि मासा आत राहतो. पंख्याची वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही. हे दोन मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

पंख्याने पाणी उडतं, म्हणजे रोज भर घालावी लागते. ६० बाय ३० सेंटिमीटरच्या टँकमध्ये पातळी एक सेंटिमीटर उतरली की १.८ लिटर गेलं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. रोज नळाच्या पाण्याने भर घातली तर पाणी जड होत जातं. भर आरओच्या पाण्याची घाला, आणि आठवड्याचा वॉटर चेंज, म्हणजे थोडं जुनं पाणी काढून नवं घालणं, चालू ठेवा. त्यासाठी नवं पाणी टँकपेक्षा एक-दोन अंशांनीच गार हवं. दुपारी नळाचं पाणीच तापलेलं येत असेल तर सकाळी भरून ठेवा. आणि क्लोरीन काढल्याशिवाय पाणी कधीच टाकू नका.

या दिवसांत वॉटर चेंज चुकवू नका म्हणते त्याचं आणखी एक कारण आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो पाण्यात दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरं विषारी. पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, ८ असेल तर २५ अंशांना विषारी भाग सुमारे ५.४ टक्के, ३० अंशांना साडेसात टक्के. म्हणजे टेस्ट किट तोच आकडा दाखवेल, पण त्यातलं विष वाढलेलं असेल. म्हणूनच खाद्य कमी करा. गरम पाण्यात मासे जास्त भुकेले दिसतात, काचेवर धडका देतात, मन विरघळतं. तरीही निम्मं घाला, आणि तेही सकाळी, पाणी थंड असताना. मोठे, धडधाकट मासे एखादा दिवस उपाशी राहिले तर त्यांना काही होत नाही.

दिवे सहा तासांवर आणा आणि ते दुपारच्या ऐवजी सकाळी किंवा संध्याकाळी लावा. पडदा ओढा. भरलेला टँक मात्र खिडकीपासून हलवण्याच्या फंदात पडू नका, काचेचे सांधे उसवतात.

प्रत्येक माशाची सहनशक्ती वेगळी आहे, त्यामुळे सगळ्यांसाठी एकच आकडा सांगणार नाही. डिस्कस आणि रॅम २८ ते ३० मध्ये मजेत असतात, त्यांच्या टँकमध्ये ३० दिसलं तर घाबरायचं कारण नाही. बऱ्याच कोरींना २६ पर्यंत बरं वाटतं. गोल्डफिश तर मुळात थंड पाण्याचा मासा, त्याला २० च्या आसपास आवडतं. तो उष्ण पाण्याच्या माशांसोबत ठेवला असेल तर उन्हाळ्यात सगळ्यांत आधी त्याचेच हाल होतात. आणि तापमान दाखवणारी, काचेवर चिकटवायची पट्टी असते ना, ती पाण्याइतकीच खोलीची हवाही मोजते. आत बुडणारा थर्मामीटर घ्या, आणि सकाळी एकदा, दुपारी चारच्या सुमारास एकदा बघा.

राहता राहिली वीज. गर्मीत ती गेली की सगळं एकदम थांबतं. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. तो नसेल तर मगाने पाणी काढून थोड्या उंचीवरून परत ओतत राहा, दर दहा-पंधरा मिनिटांनी वीस-पंचवीस वेळा. त्या वेळेत खाद्य अजिबात नको. आणि कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, काही तास बंद राहिला असेल, तर वीज आल्या आल्या सुरू करू नका. आतल्या साचलेल्या गरम पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो, जिवाणू मरायला लागलेले असतात, आणि बटण दाबलं की ते घाण पाणी सरळ टँकमध्ये येतं. आधी डबा उघडा, ते पाणी ओतून द्या, स्पंज आणि मीडिया (डब्यातलं गाळण्याचं साहित्य) टँकमधूनच काढलेल्या पाण्यात खळबळून घ्या, आणि मग फिल्टर चालू करा.