केमो चालू असताना हार्मोनची गोळी का देत नाहीत?

राम राम मंडळी. हा कागद पाहा. (रिपोर्ट कॅमेऱ्यासमोर) माझ्या मोठ्या आईचा आहे. सेवाग्रामच्या फेऱ्यांमध्ये पिशवीत राहून त्याच्या घड्या फाटायला आल्यात. तपासणी स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीची. खाली दोन ओळी आहेत: ई.आर. पॉझिटिव्ह, पी.आर. पॉझिटिव्ह. म्हणजे गाठीच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या बाईच्या हार्मोन्सना पकडणाऱ्या जागा आहेत. आज याच ओळींबद्दल बोलायचं आहे.

ऑपरेशनच्या आधी केमो झाली. आमच्याच गल्लीतल्या एका वहिनीची गाठ केमोने पार विरघळली, मोठ्या आईची फक्त लहान झाली. ती रडत म्हणाली, "मले हलकं औषध देलं काय?" नाही. गाठीची जातच वेगळी होती.

मोठ्या आईची गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जाणारी, म्हणजे बाईच्या शरीरातल्या हार्मोनवर. पाळी गेल्यावरही चरबीत ते थोडंफार बनतच राहतं. अशा गाठीच्या पेशी बहुधा सावकाश वाढतात, आणि केमोचा मारा असतो भराभर दुणावणाऱ्या पेशींवर. वर इस्ट्रोजेनमुळे पेशीत बीसीएल-2 नावाचं प्रथिन वाढतं, ते पेशीला सहज मरू देत नाही. वहिनीच्या रिपोर्टात ई.आर., पी.आर. आणि तिसरं हर-2 नावाचं प्रथिन, तिन्ही निगेटिव्ह होते. तशी गाठ जास्त आक्रमक असते, पण केमोने पूर्ण जाण्याचं प्रमाण तिच्यात जास्त. म्हणून दोघींची तुलना करूच नका. मोठ्या आईसाठी आणखी एक औषध आहे, वहिनीला ते लागू पडत नाही: टॅमॉक्सिफेन, 20 मिलिग्रॅमची गोळी. हीच ती हार्मोनची गोळी, गाठीच्या पेशीला इस्ट्रोजेन लागू देत नाही.

मग दोन्ही एकदमच का नाही देत? आपल्याला हे वावरातून लवकर समजेल. पावसानं दडी मारली, तण ताणात गेलं, की तणनाशक मारून पैसे वाया जातात. औषध ओढून घेतं ते वाढीला लागलेलं तण. टॅमॉक्सिफेन पेशींची वाढ थोपवतं, आणि झोपलेल्या पेशीला केमो नीट लागत नाही. अमेरिकेत पाळी गेलेल्या बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला, 2009 साली छापून आला. आधी केमो आणि मग गोळी, या क्रमाकडेच निकाल झुकला. डॉक्टर आजही तोच क्रम पाळतात.

पाळी चालू असलेल्या बाईचं गणित आणखी वेगळं. केमोने अंडाशय मंदावतो, पाळी थांबते, इस्ट्रोजेन उतरतं. तिला होणाऱ्या फायद्यात याचाही वाटा असतो, असं डॉक्टर मानतात.

गोळी निदान 5 वर्षं, कुणाला 10. मोठी आई ती चहाच्या जुन्या डब्यात ठेवते. अंगातून वाफा निघतात म्हणून तिनं एकदा बंद केली होती, आणि मागे सोयाबीनच्या सोंगणीत पाकीट संपलं तरी कुणी आणायला गेलं नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं. तुमच्या घरी असा खंड पडला असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, वाफांचंही सांगा, त्यावर इलाज असतो. आणि तुमच्या रिपोर्टातल्या या दोन ओळींचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवा.