सुई घेतली, पण ताटात काय?

नमस्कार मंडळी. आज वजनाबद्दल बोलायचंय, म्हणजे खरं तर त्या आठवड्याला एकदा घ्यायच्या सुईबद्दल, कारण हल्ली आपल्या इंदूरात लग्नाच्या पंगतीतसुद्धा दोन माणसं भेटली की तिसरं वाक्य हेच, काय हो तुम्ही पण घेता का, किती किलो उतरले. मी डायटीशियन आहे, सुई लिहून देणं डॉक्टरांचं काम. माझ्याकडे लोक येतात ते सुई सुरू झाल्यावर, आणि सूर असा की ताई आता डाएट कशाला, भूकच लागत नाही! मला नेमकं तिथंच बोलायचंय.

आधी हे औषध करतं काय ते बघा. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-वन नावाचं एक हार्मोन सुटतं, ते मेंदूला सांगतं आता पुरे, आणि पोट जरा सावकाश रिकामं होऊ देतं, पण ते काही मिनिटांतच संपतं. या सुईतलं सेमाग्लुटाइड हे औषध त्याच्यासारखंच, फक्त आठवडाभर टिकणारं. दुसरं औषध टिर्झेपेटाइड, बाजारातलं नाव मौंजारो, ते त्याच्या जोडीला आणखी एका हार्मोनचं काम करतं. ते भारतात मार्च 2025 मध्ये आलं, आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, वेगोव्ही, त्याच वर्षी जूनमध्ये. गुण येतो, त्यात वाद नाही. 2021 साली आलेल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये 68 आठवड्यांत सेमाग्लुटाइडवाल्यांचं वजन सरासरी जवळपास 15 टक्के उतरलं, आणि ज्यांना औषध नसलेली सुई दिली त्यांचं अडीच टक्केसुद्धा नाही. झालं, डाएटवाल्यांची छुट्टी, असं म्हणाल तुम्ही, पण थांबा, त्या ट्रायलमध्ये दोन्हीकडच्या लोकांना रोज 500 कॅलरी कमी खायला आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम करायला सांगितलेलं होतं, हे पंगतीत कुणी सांगत नाही.

दुसरी न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे जे वजन उतरतं ती सगळी चरबी नसते. त्याच ट्रायलमधल्या काही लोकांचं स्कॅन केलं तेव्हा उतरलेल्या वजनात साधारण 40 टक्के वाटा चरबी सोडून बाकीचा निघाला, म्हणजे स्नायू, पाणी वगैरे. तिशीतला माणूस ते भरून काढेल, पण पासष्टीच्या काकूंच्या मांड्या एकदा बारीक झाल्या की जिना चढताना कठडा धरावा लागतो, आणि वजनकाटा बघून घरचे मात्र खूश.

म्हणून भूक कमी झाली की उरलेल्या चार घासांत काय आहे याला फार किंमत येते. आणि आपली सकाळ कशी? पोहे, वर मूठभर सेव, जीरावन मसाला, बाजूला जलेबी. पूर्वी तुम्ही नंतर दोन वेळा पोटभर जेवायचात, वरण उसळ दही कुठून तरी पोटात जायचंच, आता पोह्यांनीच पोट भरतं आणि थेट संध्याकाळ होते, दिवसभरात प्रोटीन जवळजवळ नाहीच. मी पोहे बंद करा म्हणत नाही, इंदूरात राहून तसं म्हणायची माझी हिंमत पण नाही 😀 पण आधी दोन अंडी, किंवा पनीरचे तुकडे, किंवा मोड आलेल्या मुगाची उसळ, आणि मग जागा उरली तर पोहे. ताटातला क्रम उलटा करायचा एवढंच. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती ते मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आता सराफा, म्हणजे आपला रात्रीचा खाऊबाजार. रात्री साडेदहाला भुट्ट्याचा कीस, गराडू म्हणजे तो तळलेला कंद, वर रबडी, आणि मग तक्रार की सुईनं उलट्या होतात. अहो, पोट सावकाश रिकामं होणं हेच तर त्या औषधाचं काम, त्यात तळलेलं आणि तुपातलं आधीच हळू पुढे सरकतं, वर तुम्ही जाऊन आडवे होता. मळमळ, बद्धकोष्ठ हे सुरुवातीला आणि डोस वाढवताना बऱ्याच जणांना होतं, लवकर आणि थोडं जेवलं तर पुष्कळ कमी होतं. पण पोटात जोराची कळ आली, ती पाठीकडे जातेय आणि थांबत नाहीये, तर ओवा चघळत बसू नका, तडक दवाखान्यात जा, स्वादुपिंडाला सूज असू शकते.

व्यायामाचं थोडक्यात. नेहरू पार्कात सकाळी चालता ते छानच, पण नुसत्या चालण्यानं स्नायू टिकत नाहीत. आठवड्यातून दोनदा तरी जोर लागेल असं काही हवं, खुर्चीवरून हात न टेकता उठबस केली तरी चालेल.

सुई बंद केल्यावर काय, हे सगळेच विचारतात. त्या सेमाग्लुटाइडच्या ट्रायलमधल्या काही लोकांचं औषध थांबवून वर्षभर बघितलं, तर उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. त्यामुळे मुलीच्या लग्नापुरतं तीन महिने घेते, असं कुणी म्हणालं की मी त्यांना आधी परत डॉक्टरांकडेच पाठवते.

आणि शुगरवाल्यांनो, तुमच्यासाठी एक खास. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असताना ही सुई सुरू झाली की शुगर एकदम खाली जाऊ शकते, त्यात संकष्टी आली, दिवसभर फक्त चहा, आणि चंद्र उगवायला बऱ्याचदा रात्रीचे नऊ वाजून जातात. उपवास करायचाच असेल तर त्या दिवशीच्या गोळीचं, इन्सुलिनचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, आणि घाम, थरथर, चक्कर असं काही झालं तर चंद्राची वाट न बघता लगेच साखरपाणी घ्या.