जी धरायची कुठल्या बोटांनी?

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी ही गिटार तीनदा वाजवतो, नुसतं ऐका. ही 'जी मेजर' नावाची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर. आता ही, हीसुद्धा जी मेजर. आणि ही तिसरी. नाव तिन्ही वेळा एकच. पण दुसरी वाजली तेव्हा तुमच्यातल्या दोघा-तिघांनी मान वर करून बघितलं. तिथे नेमकं काय बदललं, आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

तुमच्यात पेटी वाजवणारे असतील, त्यांच्यासाठी आपल्या भाषेत सांगतो. जी म्हणजे पांढरी पाच. तिला सा धरलं की बी हा गंधार आणि डी हा पंचम. सा, ग, प वाजले की जी मेजर झाली. सूर तीनच, पण गिटारला तारा सहा. त्यामुळे काही सूर दोन-तीनदा येणारच. कुठला किती वेळा आणि कुठल्या सप्तकात, हे मात्र आपण ठरवू शकतो.

पहिली वाजवली ती बहुतेक सगळे शिकतात ती. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवर तिसरा फ्रेट (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या), पाचवीवर दुसरा, आणि पहिल्या बारीक तारेवर पुन्हा तिसरा. मधल्या तीन तारा मोकळ्या. जाडीकडून बारीककडे मोजत या: सा, ग, प, सा, ग, सा. तीन षड्ज, दोन गंधार, एक पंचम. गंधार दोन असल्यामुळे ही गोड लागते.

दुसरीत मी फक्त एक बोट वाढवलं, दुसऱ्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटला. तिथला मोकळा गंधार गेला आणि पंचम आला. आता सा, ग, प, सा, प, सा. गोडवा थोडा कमी झाला, पण कॉर्ड ताठ उभी राहिली. मोठ्या आवाजात गाणाऱ्याच्या मागे मला हीच आवडते.

तिसरीत पाचवी तार गप्प केली. सहावी दाबणारं बोट जरासं कलतं करायचं, म्हणजे त्याची मऊ बाजू पाचवीला टेकते आणि ती वाजत नाही. ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकी लोकसंगीताचा एक प्रकार, वाजवणारे असं पुष्कळ करतात. पण मग गंधार हवा असेल तर दुसरी तार मोकळी ठेवावी लागते. तिच्यावरही बोट ठेवलंत तर राहतात फक्त सा आणि प. तेही छान वाजतं, पण मेजर की मायनर हे गंधारावरून ठरतं, त्यामुळे मग ती धड मेजरही नाही आणि मायनरही नाही, हे माहीत असू द्या.

पाचवी तार गप्प का करायची? इथे मी जरा थांबणार आहे, कारण मला स्वतःला ही गोष्ट फार प्रिय आहे. तानपुऱ्याचा खर्ज छेडला की काही क्षणांनी त्यातून गंधार उमलतो, आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तो खर्जाचा पाचवा उपस्वर, म्हणजे त्याच्या पाचपट वेगाने कंप पावणारा सूर. गिटारच्या सहाव्या तारेवरही तो उमलतो. तिथला सा ९८ हर्ट्झचा, त्याची पाचपट ४९०. पण गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात, पेटीसारखे. त्यामुळे पाचव्या तारेवरचा आपला गंधार साधारण १२३.५ हर्ट्झचा येतो आणि त्याची चौपट होते ४९४. म्हणजे एकीकडून ४९०, दुसरीकडून ४९४. या दोन तारा एकत्र छेडल्या की सेकंदाला चारेक वेळा आवाज हेलकावतो. कान जवळ आणा... ऐकू येतंय? ही थरथर गिटार बेसूर लागल्यामुळे होत नाही, ट्यूनरवर सगळं बरोबर दिसेल. खर्जात गंधार सा-च्या इतका जवळ बसवला की हे होतंच. कोणी म्हणेल, तार थोडी उतरवू. उतरवा, जी सुरेल होईल. मग मोकळी दुसरी तारही त्याच हिशेबाने उतरवाल, आणि ई कॉर्ड वाजवायला जाल तेव्हा तिचा पंचम, म्हणजे हाच बी, पडलेला असेल. म्हणून तार न उतरवता ती गप्प करणं जास्त शहाणपणाचं.

आता बोटांकडे येऊ. मी शिकलो तेव्हा सांगितलं गेलं होतं की मधलं बोट सहावीवर, तर्जनी पाचवीवर, अनामिका पहिलीवर, दुसरी कुठलीही पद्धत चूक. जवळजवळ दोन वर्षं माझा हात जी-वरून सी कॉर्डवर वेळेत पोहोचत नव्हता. सम निघून जायची. माझी बोटंच आखूड आहेत अशी माझी खात्री झाली होती. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण दोष बोटांत नव्हताच.

तीच जी अनामिका, मधलं बोट आणि करंगळीने धरून बघा. अनामिका सहावीवर, मधलं पाचवीवर, करंगळी पहिलीवर. आता सी-वर जा. अनामिका आणि मधलं बोट, दोघं जोडीने एकेक तार खाली सरकतात, आकार मोडत नाही. करंगळी उचलायची, तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला टेकवायची. संपलं. जुन्या पद्धतीत तिन्ही बोटं हवेत जाऊन नव्याने जागा शोधायची. सुरुवातीला करंगळी दुखेल, फ्रेटला अगदी खेटून दाबा, म्हणजे जोर कमी लागतो.

आणि गाण्यात जी-वरून डी-वर सारखं जायचं असेल तर चार बोटांची, म्हणजे मघाची दुसरी, घ्या. अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आहे ना? डी-मध्येही ती तिथेच लागते. तिला हलवूच नका. बाकीची बोटं तिच्याभोवती फिरू देत. मला यातली खरी मजा पुढे वाटते. अनामिका आणि करंगळी जागेवर ठेवून फक्त तर्जनी आणि मधलं बोट सी-च्या जागी नेलं, तर अनामिकेखालचा तोच सूर आता सी-चा रिषभ होतो. ई मायनरच्या जागी नेलं तर तोच कोमल निषाद. बोट हललं नाही, सूर बदलला नाही, खालचा सा बदलला.

अंगठा मानेवरून आणून सहावी दाबणारेही आहेत. अमेरिकी गिटारवादक जिमी हेंड्रिक्स खर्जाचे सूर असेच घ्यायचा. त्याचे हात मोठे होते. तुमचा अंगठा पोहोचत असेल तर जरूर करा, मनगट वाकडं होत असेल तर नको.

मघाशी एका काकांनी विचारलं, नातीला आठवं लागलंय, हात पुरत नाही, काय करू? माझ्याकडेही त्याच वयाची एक मुलगी येते. पहिल्या दिवशी तिला एकच बोट दिलं, अनामिका, बारीक तारेवर तिसऱ्या फ्रेटला. वरच्या दोन जाड तारा सोडून फक्त खालच्या चार छेडायच्या. तिच्या आईने दारात विचारलं, "सर, खरी जी कधी शिकवणार?" मी त्यांना आत बोलावलं आणि मुलीला एकेक तार सावकाश वाजवायला सांगितली. प, सा, ग, सा.