खुल्या कपाटांची खोली

नमस्कार.

गणित विभागाविषयी बोलायचं तर मी एका खोलीपासून सुरुवात करतो. जर्मनीतल्या ग्योटिंगन विद्यापीठात फेलिक्स क्लाइन १८८६ साली प्राध्यापक म्हणून आला आणि आल्याबरोबर त्याने गणिताचं वाचनगृह उघडलं. खोली साधीच, पण कपाटं खुली. चिठ्ठी लिहून द्या, कोणीतरी आतून पुस्तक आणून देईपर्यंत थांबा, हा प्रकार तिथे नव्हता. विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने पुस्तक काढायचं, तिथेच बसून वाचायचं. एक पुस्तक शोधायला गेलेला मुलगा शेजारचं दुसरंच चाळू लागतो आणि पुढची पाच वर्षं त्यातच रमतो. हे ज्याने अनुभवलंय, त्याला खुल्या कपाटाची किंमत मी वेगळी सांगायला नको.

त्या कपाटांत छापील पुस्तकांखेरीज हस्तलिखित वह्याही असत. प्राध्यापकाचा सहायक तास ऐकायचा, घरी जाऊन तो नीट लिहून काढायचा, प्राध्यापकाकडून तपासून घ्यायचा आणि मग ती वही वाचनगृहात यायची. तिथल्याच डाव्हिड हिल्बर्ट या गणिताच्या प्राध्यापकाच्या तासांच्या वह्या काही काळ माक्स बोर्न लिहीत असे. पुढे १९५४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला, तोच बोर्न. ज्याचा तास चुकला त्याची सोय व्हायची हे खरं, पण माझ्या मते लिहिणाऱ्याची कमाई जास्त होती. गुरूने फळ्यावर एका दमात ओलांडलेली पायरी वहीत उतरवताना आपल्याला ओलांडता येत नाही, तिथे थांबावंच लागतं.

क्लाइनच्या सेमिनारलाही अशीच नोंदवही होती. जो बोलला, त्यानेच आपल्या विषयाचा सारांश तिच्यात उतरवायचा. हा नेम त्याने ग्योटिंगनला येण्याच्या कितीतरी आधी, १८७२ साली सुरू केला आणि १९१२ पर्यंत पाळला. आठ हजारांहून जास्त पानं भरली. चाळीस वर्षांत कोण काय शिकत होतं, कुठे अडकत होतं, याचा हा दस्तऐवज आहे, आणि तो विद्यार्थ्यांच्याच हातचा आहे.

तुम्ही म्हणाल, ग्योटिंगनला गणित काय क्लाइनने आणलं? गाउस तिथलाच ना? हो, तिथलाच. १८०७ पासून १८५५ मध्ये मरेपर्यंत गाउस तिथल्या वेधशाळेचा प्रमुख होता. त्याच्यामागून डिरिक्ले आला, डिरिक्लेच्या मागून रीमान. एका गावात, एकाच जागेवर, ओळीने तीन असे गणिती! तरीही त्या काळात तिथे आपण ज्याला विभाग म्हणू तसं काही जमलं नव्हतं. गाउसला शिकवण्याचा कंटाळा होता आणि तो ते लपवतही नसे. रीमानने १८५५-५६ मध्ये आबेलीय फलांवर व्याख्यानं दिली, तेव्हा समोर तीन श्रोते होते. त्यांत एक, पुढे मोठा गणिती झालेला, डेडेकिंड होता, हे आपलं नशीब. पण तीनच! दहा वर्षांनी, १८६६ मध्ये, रीमान एकोणचाळिसाव्या वर्षी क्षयाने गेला, आणि त्याच्या डोक्यात जे होतं त्यातलं किती त्याच्याबरोबर गेलं, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

क्लाइनची गोष्ट वेगळी. १८८२ च्या सुमारास फ्रेंच गणिती प्वांकारेशी त्याची चुरस लागली होती, दोघंही एकाच विषयात झपाट्याने पुढे जात होते, आणि त्यात क्लाइनची प्रकृती ढासळली. पहिल्या प्रतीचं संशोधन आपल्या हातून आता होणार नाही, हे त्याने ओळखलं. तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता. त्या वयात हे स्वतःशी कबूल करायचं आणि कडवट व्हायचं नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. उरलेली सगळी ताकद त्याने इतरांचं गणित घडावं म्हणून लावली. विभागात असा एखादा माणूस असतो: वेळापत्रक लावणारा, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणारा, नव्या मुलाला योग्य माणसाकडे पाठवणारा. त्याच्या नावावर प्रमेय नसतं, म्हणून बढतीच्या वेळी त्याची आठवण होत नाही. क्लाइनच्या नावावर प्रमेयं होती म्हणून आपण त्याला विसरलो नाही, एवढंच.

त्याने १८९५ मध्ये हिल्बर्टला आणलं. सांगतात, की सहकाऱ्यांनी टोमणा मारला, तुम्हाला सोयीचा तरुण माणूस हवाय. त्यावर क्लाइन म्हणाला, सगळ्यांत गैरसोयीचा आहे त्यालाच मी बोलावलंय. १९०२ मध्ये हिल्बर्टला बर्लिनहून बोलावणं आलं. बर्लिन म्हणजे राजधानी, मानाची जागा. हिल्बर्ट गेला नाही, आणि त्या बोलावण्याच्या जोरावर ग्योटिंगनमध्ये गणिताची नवी जागा निर्माण करून घेतली, आपला जुना मित्र मिंकोव्हस्की याच्यासाठी. बाहेरची ऑफर दाखवून स्वतःचा पगार वाढवून घेणारे आपण पाहतो. हिल्बर्टने मागितला तो बोलायला माणूस!

मग ते फिरायला जाणं सुरू झालं. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता क्लाइन, हिल्बर्ट, मिंकोव्हस्की आणि उपयोजित गणिताचा रुंगे. हिल्बर्टच्या घरामागच्या बागेत लांबलचक फळा होता, त्याच्यासमोर पाऊस आला तरी फिरता यावं म्हणून छप्पर घातलेली वाट. हिल्बर्टचे तासही असेच असत. फार तयारी करून तो येत नसे, फळ्यावर अडकायचा, मागे जायचा, पुसायचा. काही विद्यार्थ्यांना ते आवडत नसे. पण गणित होताना कसं दिसतं हे ज्यांना पाहायचं होतं, त्यांना याहून चांगली जागा नव्हती. हिल्बर्टच्या हाताखाली एकोणसत्तर जणांनी डॉक्टरेट केली.

पैशाचा एक किस्सा सांगतो. पाउल वोल्फस्केल नावाच्या गणितप्रेमी माणसाने मृत्युपत्रात एक लाख मार्क ठेवले, फर्माचं शेवटचं प्रमेय सिद्ध करणाऱ्यासाठी. १९०८ मध्ये ग्योटिंगनच्या विज्ञान अकादमीने बक्षीस जाहीर केलं आणि चुकीच्या सिद्धतांचा पूर आला. ग्योटिंगनचा प्राध्यापक लान्डाऊ याने म्हणे उत्तराची कार्डंच छापून घेतली होती: पहिली चूक अमुक पानावर, अमुक ओळीत. आकडे विद्यार्थ्यांनी भरायचे. पण खरी गंमत व्याजाची. मुद्दल पडून होतं, तर हिल्बर्ट आणि मंडळींनी व्याजातून पाहुणे बोलावले. १९०९ मध्ये प्वांकारे आला, म्हणजे क्लाइनचा तो जुना प्रतिस्पर्धी! १९१० मध्ये लोरेन्ट्स, १९२२ मध्ये नील्स बोर. फर्माचं प्रमेय तुम्हीच का सोडवत नाही असं विचारलं, तेव्हा सोन्याची अंडी देणारी कोंबडी कोण मारेल, असं हिल्बर्ट म्हणाल्याचं सांगतात. महायुद्धं आणि चलनवाढ यांतून उरलेली रक्कम १९९७ मध्ये ते प्रमेय सिद्ध करणाऱ्या अँड्र्यू वाइल्सला मिळाली.

आता एमी नोएथरकडे येतो. तिच्याविषयी बोलताना मला घाई करायची नाही.

१९१५ मध्ये क्लाइन आणि हिल्बर्टने तिला ग्योटिंगनला बोलावलं. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा प्रश्न त्यांना सतावत होता आणि अपरिवर्तींचं, म्हणजे रूपांतर केलं तरी जे बदलत नाही त्याचं, गणित तिच्याइतकं कोणाला येत नव्हतं. पण शिकवण्याचा अधिकार बाईला द्यायला विद्यापीठ तयार होईना. विरोध मुख्यतः इतिहास-भाषा वगैरे शिकवणाऱ्यांचा होता, कारण सगळे एकाच विद्याशाखेत मोडत. मग तिच्या तासांची जाहिरात हिल्बर्टच्या नावाने लागायची, खाली ‘फ्रॉयलाइन डॉ. नोएथर यांच्या साहाय्याने’. वर्गात शिकवायची ती. २६ जुलै १९१८ रोजी, सममिती आणि अक्षय्यतेचे नियम यांना जोडणारं तिचं प्रमेय अकादमीपुढे मांडलं गेलं, तेही क्लाइनने मांडलं, कारण ती सभासद नव्हती. आजच्या भौतिकशास्त्राचा विद्यार्थी ज्याच्याशिवाय पुढे सरकू शकत नाही, ते हे प्रमेय. अधिकार १९१९ मध्ये मिळाला. १९२२ मध्ये प्राध्यापकाची पदवी मिळाली, पगाराविना. बीजगणित शिकवण्यासाठी थोडं मानधन त्यानंतर सुरू झालं.

ज्या विभागाचं मी इतकं कौतुक करतोय, त्याच विद्यापीठाने हे केलं. याला मी मुलामा देणार नाही. विभागातले लोक तिच्या बाजूने उभे राहिले, पण अर्ज, सह्या आणि पळवाटा यांपलीकडे त्यांचं काही चाललं नाही.

आणि या बाईने काय केलं? तिने आपल्याभोवती माणसं जमवली. ‘नोएथरची पोरं’ म्हणत त्यांना. तिच्या व्याख्यानाला शिस्त नव्हती, बोलणं भरभर, वाक्यं अर्धवट, नवख्याला काही कळायचं नाही. पण जे टिकले, ते तिच्याबरोबर गावाबाहेर चालत सुटायचे आणि वलय, आदर्श, मॉड्यूल या बीजगणितातल्या संकल्पनांवर बोलत राहायचे. १९२४ मध्ये व्हान डेर वार्डेन हॉलंडहून आला. तिची आणि हाम्बुर्गच्या आर्टिनची व्याख्यानं ऐकून त्याने पुढे बीजगणितावर दोन खंड लिहिले, आणि जगभर बीजगणित शिकवण्याची पद्धतच बदलली. त्यात आपलं किती आहे हे सांगत ती फिरली नाही. कोणी नव्या कल्पनेबद्दल कौतुक केलं की म्हणायची, हे सगळं डेडेकिंडमध्ये आहेच. मॉस्कोहून अलेक्झांद्रोव्ह उन्हाळ्यात यायचा, होप्फ यायचा. संस्थितीच्या, म्हणजे टोपॉलॉजीच्या, अभ्यासात हे लोक आकारातली भोकं सांगणाऱ्या बेट्टी संख्या मोजत होते, तर ती म्हणाली की संख्या कशाला मोजता, त्यामागचा गट (ग्रुप) बघा. एवढंच वाक्य, आणि एक विषय वेगळ्या वळणाला लागला. हे वाक्य तिने शोधनिबंधात लिहून धाडलं असतं तर त्याचं काय झालं असतं, मला शंका आहे. ते गप्पांत म्हटलं गेलं, ऐकणारा समोर होता, त्याने लगेच उलट प्रश्न विचारला, म्हणून ते रुजलं.

२ डिसेंबर १९२९ रोजी विभागाची नवी इमारत उघडली. विभागातल्या रिखार्ड कुरांटने खपून, अमेरिकेतल्या रॉकफेलर निधीतून ती उभी केली होती. वाचनगृहाला आता ऐसपैस जागा मिळाली. क्लाइनचं हे स्वप्न, पण तो १९२५ मध्येच गेला होता.

त्या इमारतीला जेमतेम साडेतीन वर्षं मिळाली.

७ एप्रिल १९३३ रोजी नाझी सरकारने सरकारी नोकरांविषयीचा कायदा केला. ज्यू म्हणून माणसं नोकरीतून काढता येऊ लागली. २५ एप्रिलला तारा आल्या: कुरांट, नोएथर, बेर्नश्टाइन, भौतिकशास्त्रातला बोर्न. कायद्यात युद्धावर गेलेल्यांना सूट होती आणि कुरांट पहिल्या महायुद्धात लढताना जखमी झालेला माणूस. उपयोग झाला नाही. लान्डाऊ १९०९ पासून, म्हणजे महायुद्धाच्या आधीपासून नोकरीत होता, आणि अशांनाही सूट होती, म्हणून त्यालाही कायद्याने हात लावता येत नव्हता. २ नोव्हेंबरला तो तासाला गेला तर वर्गाबाहेर विद्यार्थ्यांची गर्दी, आत जवळजवळ कोणी नाही. पुढाकार घेणारा मुलगा वीस वर्षांचा, नाव ओस्वाल्ड टाइशम्युलर. ज्यूने जर्मन मुलांना कलनशास्त्र शिकवू नये, असं त्याने लान्डाऊला तोंडावर समजावलं. हाच टाइशम्युलर पुढे असामान्य गणिती निघाला, त्याच्या नावाचे अवकाश आज सगळे अभ्यासतात. दहा वर्षांनी, १९४३ मध्ये, तो पूर्व आघाडीवर गेला तो परतला नाही. त्याचं गणित मी शिकवलंय, आणि दर वेळी हा वर्गाबाहेरचा प्रसंगही मुलांना सांगितलाय. दोन्ही सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कुरांटनंतर संचालकपद नॉयगेबाउअरकडे आलं, त्याने निष्ठेच्या पत्रावर सही नाकारली, ते एका दिवसात संपलं. मग हेरमान वाइल आला, पण त्याची बायको ज्यू घराण्यातली. तोही शरद ऋतूत प्रिन्स्टनला गेला. पुढे एका मेजवानीत शिक्षणमंत्र्याने विचारलं म्हणे, की ज्यूंच्या प्रभावातून सुटल्यावर ग्योटिंगनचं गणित कसं आहे? म्हातारा हिल्बर्ट म्हणाला, ते आता उरलेलंच नाही. इमारत होती, कपाटं होती, पुस्तकं जागच्या जागी होती. १९४३ मध्ये हिल्बर्ट गेला तेव्हा अंत्यविधीला डझनभर माणसं होती.

माणसं मात्र जिथे गेली तिथे आपल्या सवयी घेऊन गेली. कुरांटने न्यूयॉर्कमध्ये पुन्हा पहिल्यापासून संस्था उभारली, आज ती त्याच्या नावाने चालते. लाइपझिगमधून त्याच कायद्याने निघालेला फ्रीडरिख लेव्ही कलकत्ता विद्यापीठात आला. आपल्याकडे आधुनिक बीजगणित रुजवणाऱ्यांत त्याचं नाव आधी घ्यावं लागतं. पुढे तो मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही होता.

आणि नोएथर. तार आल्यावर १९३३ च्या त्या उन्हाळ्यात तिने घरी तास घेतले. वर्ग बंद, तर बैठकीची खोली आहे. एर्न्स्ट विट तिथे नाझी गणवेशात यायचा आणि ती त्याला इतरांसारखंच शिकवायची, अशी आठवण सांगितली जाते. मला स्वतःला हे जमलं असतं का, ठाऊक नाही. मग ती अमेरिकेत ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात गेली. तिथेही चार विद्यार्थिनींना घेऊन चालायला निघायची, बोलता बोलता रंगली की इंग्रजी सोडून जर्मनवर यायची, रस्ता ओलांडताना गाड्यांकडे लक्ष नसायचं, मुलीच तिला सांभाळायच्या. आठवड्यातून एकदा प्रिन्स्टनला व्याख्यान द्यायला जायची.

दीड वर्षं चाललं हे. एप्रिल १९३५ मध्ये शस्त्रक्रियेनंतर ती वारली, त्रेपन्न वर्षांची होती. तिची रक्षा कॉलेजच्या जुन्या ग्रंथालयात पुरली आहे. ग्रंथालयाच्या चौकाभोवती मुलींना येण्याजाण्यासाठी एक वाट आहे, तिच्याखाली.