पाजळणे : धार आणि उजेड

नमस्कार मंडळी.

मराठीत 'पाजळणे' असं एक क्रियापद आहे. दिवा पाजळतात आणि शस्त्रही पाजळतात. उजेड आणि धार, दोन्ही एकाच शब्दात. आज तो आपल्या तोंडी उरलाय तो 'उगाच अक्कल पाजळू नकोस' म्हणण्यापुरता, आणि ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. विचाराला आणि बोलण्याला धार हवी, पण ती उजेडासकट हवी, हे आपल्या भाषेला केव्हाच कळलं होतं.

सध्या कौतुक होतं ते नुसत्या धारेचं. भाषण सडेतोड, लेख परखड, मुलाखत रोखठोक. समोरच्याला लागेल असं बोललं की माणूस स्पष्टवक्ता ठरतो. पण लागलं म्हणजे कळलं, असं थोडंच आहे?

आपले शब्द जरा जवळून पाहा. 'कुशाग्र' म्हणजे कुशाच्या, दर्भाच्या पात्याचं टोक. पूजेत दर्भ हाताळताना बोट निसटलं की ते टोक कसं असतं ते समजतं. 'हुशार' फारसीतून आला. होश म्हणजे शुद्ध, आणि शुद्धीवर असलेला, सावध असलेला तो हुशार. आपण तो शब्द मार्कांना चिकटवून टाकला. 'तल्लख'ची गंमत निराळी. फारसीत तल्ख म्हणजे कडू, आणि हिंदीत आजही तल्ख म्हणजे कडवटच. मराठीत मात्र तल्लख बुद्धी ही शाबासकी झाली. कडवटपणा गळला, तरतरी राहिली. ज्या कुणी बोलता बोलता हा बदल केला, त्यांना माझा नमस्कार.

माझा सगळ्यात लाडका शब्द 'मार्मिक'. मर्म म्हणजे शरीरातली नाजूक जागा, जिथे घाव बसला तर जीवावर बेतू शकतं. सुश्रुतसंहितेत अशी 107 मर्मं मोजली आहेत. ती कशासाठी? शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याने तिथे शस्त्र लावू नये म्हणून. ज्याच्या हातात सगळ्यात धारदार पातं, त्यालाच कुठे कापायचं नाही हे आधी शिकवलेलं. मर्मावर घाव घालतं ते बोलणं मर्मभेदी. मार्मिक माणसाला मर्म माहीत असतं. हे दोन शब्द आपल्याकडे वेगळे आहेत, ते वेगळेच राहू द्या, एवढी माझी विनवणी आहे.

तसाच 'नेमका'. त्यात नेम ऐकू येतो. कैरी पाडायची तर झाडावर दगडांचा मारा करून भागत नाही, देठ हेरावा लागतो. 'चोख' म्हटलं की सोनं आठवतं, 'नितळ' म्हटलं की विहिरीचा तळ दिसतो. 'लख्ख' घासलेल्या तांब्याचा आहे, आणि तोच आठवणीलाही चालतो. मला लख्ख आठवतं, असं आपण म्हणतो.

मला लख्ख आठवतात ते आमच्या वाड्यातले सुतारकाका. काम सुरू करण्याआधी ते दगडावर पाणी शिंपडून पटाशी घासत बसायचे. मग हाताच्या लवेवरून पातं अलगद फिरवायचे. लव निघाली की पटाशी तयार. एकदा मी भीतभीत विचारलं, "काका, एवढी धार कशाला? हात नाही कापणार?" ते म्हणाले, "बाळा, हात बोथट पटाशीनं कापतो. ती लाकडात शिरत नाही, मग जोर लावावा लागतो, आणि ती घसरते."

बोथट बोलणंही असंच घसरतं. मोघम, गुळमुळीत, भोंगळ असे शब्द आपण ज्याला लावतो, ते बोलणं वरवर निरुपद्रवी वाटतं. माझ्या आईच्या निवृत्तिवेतनाचं काम अडलं होतं. एका कार्यालयाकडून पत्र आलं : 'उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर प्रकरणी आवश्यक ती पूर्तता झाल्यानंतर उचित कार्यवाही करण्यात येईल.' आईने ते तीनदा वाचलं. पूर्तता कसली, ती करायची कुणी, कधीपर्यंत, काही पत्ता नाही. पूर्ण वाक्यात एकही माणूस नाही. कळविण्यात येते, करण्यात येईल. म्हणजे करणारं कोण? अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई ते पत्र हातात धरून मला विचारत होती, "मला आता वाचलेलं समजत नाही का रे?" त्या पत्रात एकही कठोर शब्द नव्हता, आणि तरी ते तिला इतकं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन त्या कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडे एक तरुण मुलगी होती. तिने फाइल काढली, पानं चाळली आणि आईकडे बघून म्हणाली, "बाई, तुमच्या सेवापुस्तकातलं बदलीच्या नोंदीचं पान नाहीये. शाळेतून त्याची प्रत आणा, मी ह्याच महिन्यात पुढे पाठवते."

आईने पर्समधून पेन काढलं आणि त्या पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.