पोटाचा मार आणि कीटकनाशकाची विषबाधा: एकमेकांना झाकणारी लक्षणे

अपघात विभागात रुग्ण आणला जातो, तेव्हा सोबतचे लोक बहुधा एकच कारण सांगतात: तो उंचावरून पडला, किंवा तो कीटकनाशक प्यायला. फवारणी करताना भोवळ येऊन पडलेल्या किंवा विष घेतल्यावर वाहनावरचा ताबा सुटलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र दोन्ही खरे असते, आणि एक कारण सापडले की दुसऱ्याचा शोध तिथेच थांबण्याचा धोका असतो.

ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके ॲसिटिलकोलीनचे, म्हणजे मज्जातंतूंचा संदेश पोहोचवणाऱ्या रसायनाचे, विघटन करणारे विकर (एन्झाइम) निकामी करतात. ॲसिटिलकोलीन साचत गेल्याने लाळ आणि घाम सुटतो, उलट्या-जुलाब होतात, पोटात कळा येतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वासनलिका स्रावाने भरू लागतात. पोटातील कळा आणि उलट्या तर आतड्याला इजा झाल्यावरही होतात. शिवाय ग्लानीत गेलेला रुग्ण पोट दाबल्यावर कुठे दुखते, हे सांगू शकत नाही.

सर्वांत फसवी ठरते ती नाडी. रक्तस्राव होत असताना ती सहसा वेगवान होते, परंतु या विषाने ती मंदावू शकते; त्यामुळे प्लीहा फाटून पोटात रक्त साचत असतानाही मॉनिटरवर दिलासा देणारा आकडा दिसू शकतो. मग या विषावरचे औषध, ॲट्रोपिन, सुरू होते आणि प्रश्न उलटा होतो, कारण आता वाढलेला वेग औषधाचा की रक्तस्रावाचा, हे नाडीवरून ठरवता येत नाही. ॲट्रोपिनमुळे आतड्यांची हालचालही मंदावते, पोट फुगते आणि स्टेथोस्कोपला आतड्यांचे आवाज लागत नाहीत. पोटाच्या आवरणाला सूज आल्यावर नेमके हेच आढळते.

म्हणून ॲट्रोपिन रोखून धरावे, असे मुळीच नाही. प्रौढ रुग्णाला साधारणपणे १ ते ३ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून, परिणाम दिसेपर्यंत दर ५ मिनिटांनी मात्रा दुप्पट केली जाते. छातीतील घरघर थांबणे, काखा कोरड्या होणे, नाडी आणि रक्तदाब सुधारणे या खुणांवर डॉक्टर लक्ष ठेवतात. या खुणा एकत्र वाचल्या, तर त्यांतच पोटाचाही सुगावा लागतो: छाती स्वच्छ आणि काखा कोरड्या झाल्या, तरी रक्तदाब घसरतच असेल, तर आणखी ॲट्रोपिन हे त्याचे उत्तर नव्हे, रक्त कुठे जाते आहे, ते शोधले पाहिजे.

खाटेजवळच केलेली सोनोग्राफी पोटात साचलेले रक्त काही मिनिटांत दाखवते. मात्र सुरुवातीचे थोडे रक्त, आतड्याची इजा आणि पोटाच्या मागील भागातील रक्तस्राव तिच्या नजरेतून सुटू शकतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा करावी लागते. सीटी स्कॅन अधिक सांगतो, पण रक्तदाब कोसळत असलेल्या रुग्णाला तिकडे नेणे धोक्याचे असते. पोट धुण्याची घाई तर इथे विशेष महागात पडू शकते: जठराला भोक पडले असल्यास विष पोटाच्या पोकळीत पसरते, आणि श्वासमार्ग सुरक्षित केलेला नसल्यास ते फुप्फुसात उतरते. त्याउलट विषाने भिजलेले कपडे काढणे आणि त्वचा धुणे हे सोपे काम धावपळीत मागे पडते, आणि तेवढा वेळ विष त्वचेतून शरीरात जात राहते.

शस्त्रक्रियेची वेळ आली, तर भूलतज्ज्ञाला विषबाधेची कल्पना असणे अत्यावश्यक आहे. सक्सिनिलकोलीन हे स्नायू शिथिल करणारे औषध ज्या विकरामुळे काही मिनिटांत निष्प्रभ होते, तेच विकर विषाने बाद केलेले असते. परिणामी स्नायू कितीतरी अधिक वेळ शिथिल राहू शकतात. रक्तातील या विकराच्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. त्यातच रुग्णाला प्लाझ्मा दिला गेला असेल, तर दात्याचे विकर मिसळल्याने तो अहवालही दिशाभूल करू शकतो.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी विषबाधेनंतरचे २४ ते ९६ तास जपावे लागतात. या काळात मानेचे आणि श्वसनाचे स्नायू अचानक दुर्बल होऊ शकतात, आणि त्यावर ॲट्रोपिनचा उपयोग होत नाही. रुग्णाला उशीवरून डोके उचलता येत नसेल, तर तो भुलेचा उरलेला अंमल किंवा टाक्यांचे दुखणे समजून सोडून न देता, व्हेंटिलेटर त्याच्या खाटेजवळ तयार ठेवावा लागतो.